तीन फेजच्या गिरणीला तासाला किती युनिट? 3 ने गुणायचं की 1.732 ने?

गिरणीवाली_सांगोला
नमस्कार. सांगोल्याजवळच्या गावात आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांच्या मागे सहा वर्षं मीच चालवते. मोटार 10 एचपी, नेमप्लेटवर 415 व्होल्ट, 14.5 अँपिअर, डेल्टा जोडणी. दळणाचा दर नव्याने लावायचाय, म्हणून तासाला खरी वीज किती जाते ते हवंय. त्याच मीटरवर मिरचीचं कांडपही चालतं, त्यामुळे बिलावरून काही कळत नाही.

काल वायरमनने गहू दळताना टाँग टेस्टर (वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) लावला. तिन्ही वायरींत 12 च्या आसपास अँपिअर, दोन फेजमध्ये 400 व्होल्ट. तो म्हणाला, 400 गुणिले 12 गुणिले 3, म्हणजे 14.4 किलोवॅट. 10 एचपीची मोटार साडेसात किलोवॅटची, ती 14 कशी खाईल? पुतण्या म्हणतो 3 ने गुणायचंच नाही, 4.8 धर. एवढ्या फरकावर मी किलोचा दर कसा लावू?

आयटीआय_दुसरं_वर्ष
काकू, सूत्र असं आहे: 1.732 × लाइन व्होल्टेज × लाइन करंट × पॉवर फॅक्टर. लाइन म्हणजे बाहेरच्या वायरींवर मोजलेलं; पॉवर फॅक्टर म्हणजे त्यातला खरा कामी येणारा हिस्सा. पॉवर फॅक्टर 0.8 धरला तर 1.732 × 400 × 12 × 0.8 = 6.65 किलोवॅट, म्हणजे तासाला 6.65 युनिट. स्टार आणि डेल्टा या मोटारीच्या आतल्या जोडणीच्या दोन पद्धती; हे सूत्र स्टारला पण चालतं आणि डेल्टाला पण.

जुना_वायरमन
ताई, पोराने सूत्र बरोबर दिलंय. पण 1.732 आला कुठून ते कळल्याशिवाय तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये.

मोटारीत तीन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी. तिन्हींवर भार सारखा, म्हणून एकीची पॉवर काढायची आणि तिप्पट करायची. वायरमनचा 3 इथूनच आला. चूक एवढीच झाली की वाइंडिंगचा आकडा हवा तिथे त्याने वायरीचा घेतला. डेल्टात प्रत्येक वाइंडिंग दोन वायरींच्या मध्ये असते, म्हणून तिच्यावर पूर्ण 400 व्होल्ट येतात, पण वायरीतले 12 अँपिअर दोन वाइंडिंगांत वाटले जातात. निम्मे निम्मे नाही, कारण दोन्हींचे करंट एकाच क्षणी शिखरावर नसतात. एका वाइंडिंगच्या वाट्याला 12 भागिले 1.732, म्हणजे 6.928 अँपिअर येतात. आता 3 × 400 × 6.928 करा, 8,314 येतील. स्टार असता तर वाइंडिंगमध्ये पूर्ण 12 अँपिअर आणि व्होल्टेज 400 भागिले 1.732, म्हणजे 231. उत्तर तेच.

पण हे 8,314 वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर आहेत. पॉवर फॅक्टरने गुणल्यावर वॅट मिळतात, आणि तो टाँग टेस्टरला दिसत नाही. 0.8 हा पुस्तकातला आकडा, तुमच्या मोटारीचा नव्हे. तुमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 'एका युनिटला इतके पल्स' असा आकडा छापलेला असतो. कांडप बंद ठेवा, गहू टाका, 60 लुकलुकी मोजा आणि सेकंद लिहून घ्या. कुठलंही झाकण उघडायचं नाही. एकदा गहू न टाकता, दगड उचलूनही मोजा.

सातारकर
स्टारला आणि डेल्टाला सूत्र एकच, मग स्टार्टर स्टारमध्ये सुरू करून डेल्टात का नेतो? पॉवर तर तेवढीच.

जुना_वायरमन
सूत्र एक आहे, पॉवर एक नाही. तीच वाइंडिंग स्टारमध्ये जोडली की तिच्यावर 231 व्होल्टच येतात. सुरू होताना लाइनचा करंट डेल्टाच्या तिसऱ्या हिश्शावर येतो, पण जोरही तिसराच राहतो. म्हणून दगडाखाली दाणा असताना मोटार कधी सुरू करू नये.

गिरणीवाली_सांगोला
काका, आज सकाळी मोजलं. मीटरवर युनिटला 800 पल्स लिहिलेत. गहू दळताना 60 लुकलुकींना 41 सेकंद लागले. दगड उचलून, रिकामी चालवली तेव्हा मिनिटाला 20. टाँग टेस्टर तेव्हाही साडेसहा अँपिअर दाखवत होता. करंट निम्म्याहून जास्त, आणि लुकलुक मात्र इतकी सावकाश कशी?

जुना_वायरमन
अगदी मनासारखं मोजलंत. तासाचे सेकंद 3600, म्हणून 3600 × 60 भागिले (800 × 41), म्हणजे 6.59 किलोवॅट. त्याचे वॅट 8,314 ने भागले की तुमचा पॉवर फॅक्टर 0.79. पोराचा अंदाज जवळचा निघाला.

रिकामं चालताना 20 × 60 भागिले 800, म्हणजे दीड किलोवॅट. सूत्रातले व्होल्ट-अँपिअर मात्र 4,503, म्हणजे पॉवर फॅक्टर 0.33. तो करंट मुख्यतः मोटारीतलं चुंबक जागं ठेवायला लागतो. ती वीज घेतली जाते आणि लगेच परत दिली जाते. खरं काम करणारा करंट त्यात थोडाच. म्हणून नुसत्या अँपिअरवरून युनिट कधी सांगू नये. मी वीस वर्षं नोकरी केली, तिथे हा घोळ मोठ्या माणसांकडूनही झालेला पाहिलाय.

स्टार्टरपाशी 3 केव्हीएआरचा (केव्हीएआर हे त्या ये-जा करणाऱ्या विजेचं माप) कपॅसिटर लावलात तर ती ये-जा बरीचशी त्याच्याशीच होईल आणि मीटरकडून येणारा करंट 12 वरून 10 वर येईल. केबल कमी तापेल, पण युनिट जवळपास तेवढेच राहतील. 'कपॅसिटरने बिल निम्मं' असं सांगत कोणी दारात आला तर घेऊ नका.

गिरणीवाली_सांगोला
आत्ता चार डबे एका मागोमाग दळले. 62 किलो, 45 मिनिटं. मीटर आधी आणि नंतर वाचला, 4.9 युनिट पडले. म्हणजे क्विंटलला जवळजवळ 8 युनिट. आता दर लावता येईल.

पण गिऱ्हाइकाची वाट बघत दिवसातून तासभर तरी माझी गिरणी रिकामी फिरते. ते दीड युनिट म्हणजे 19 किलोचं दळण. सहा वर्षांत मी ते कधी हिशोबात धरलंच नव्हतं. दोन डब्यांच्या मध्ये मोटार बंद करत जाऊ का?

जुना_वायरमन
दोन-तीन मिनिटांसाठी नको. दर सुरुवातीला वाइंडिंग तापते आणि स्टार्टरचे पॉइंट जळतात. दहा मिनिटांच्या वर कोणी येणार नसेल तर खुशाल बंद करा.