माण-हिंजवडीत १९९० पासून किती जमीन बांधकामाखाली गेली, कशी मोजू?

प्रश्न: आमचं मूळ गाव माण. आयटी पार्क यायच्या आधी आमच्या भागात भातखाचरंच होती. १९९० पासूनचा बदल नकाशावर दाखवायचाय. जनगणनेतलं 'नागरी क्षेत्र' धरलं तर चालेल का?

उत्तर १: नाही. जनगणना बघते ती लोकसंख्या (किमान ५,०००), घनता (दर चौ. किमी ४००) आणि ७५ टक्के पुरुष कामगार शेतीबाहेर आहेत का ते. सिमेंट कुठे ओतलं हे तिथे कळत नाही. पालिकेची हद्दही धरू नका. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत २३ गावं आली, म्हणजे एकही वीट न रचता शहर वाढलं! लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं घ्या, फुकट आहेत.

उत्तर २: मे महिन्यातली चित्रं मात्र घेऊ नका, कळकळीने सांगतेय. मी हेच काम करते. नांगरून ठेवलेली रानं आणि मुरमाड माळ उपग्रहाच्या चित्रात हुबेहूब बांधकामासारखे दिसतात, आकडा भलताच फुगतो. पाऊस सरल्यावरची, ऑक्टोबर-नोव्हेंबरची निवडा आणि दरवर्षी तोच महिना ठेवा. शिवाय लँडसॅटच्या चित्रातली एक चौकट (पिक्सेल) जमिनीवर ३० बाय ३० मीटरची. घर, अंगण, गोठा, आंब्याचं झाड सगळं एकाच रंगात जातं. जुन्या वाडीवस्तीची नोंद गावातल्या म्हाताऱ्यांना विचारूनच करा.

प्रश्नकर्ता: आणि देशभराशी तुलना?

उत्तर २: युरोपीय आयोगाचा जीएचएसएल, म्हणजे जगभरातलं बांधकाम दाखवणारा नकाशासंच बघा. १९७५ पासून, पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी आहे.