तारा काढायच्या की आत ठेवायच्या?
होडीच्या किटमधल्या फळ्या कडेला कड लावून तांब्याच्या तारांनी शिवतात; त्या तारा आतच ठेवल्या तर चालेल का, असं एकाने विचारलंय. चालतं, पण मी काढतो. टाक्यांच्या मधे लाकडाची भुकटी मिसळलेल्या इपॉक्सीचे (रेझिनमध्ये हार्डनर घातला की कडक होणारा गोंद) ठिपके द्यायचे, ते कडक झाले की तारा ओढायच्या. अडकलेली तार तापवली की सुटते.

त्याआधी होडीला पीळ पडलाय का ते मात्र बघाच! होडीवर पुढे-मागे दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका डोळ्याने पाहा. समांतर दिसत नसतील तर आत्ताच सरळ करा, नंतर ब्रह्मदेवालाही जमणार नाही.

काही हार्डनरमुळे वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने धुवा, मगच पॉलिश पेपर. आणि उन्हात इपॉक्सी खराब होतं, वरून यूव्ही रोखणारं व्हार्निश किंवा रंग हवाच.