गडावर नेणाऱ्या दादांचा सत्कार कसा करावा?

प्रश्न (येळ्ळूर): आमचे दादा गल्लीतल्या पोरापोरींना घेऊन बेळगावजवळच्या राजहंसगडावर साफसफाई करतात. तटातलं झुडूप ओढायचं नाही, दगड निखळतो. बुडातून विळ्यानं कापायचं, हे स्वतः उकिडवं बसून दाखवतात. दिवाळीत मातीचे किल्लेही तेच करून घेतात. एक पैसा घेत नाहीत. शिवजयंतीला सत्कार करायचाय, पण नुसती शाल-श्रीफळ नको वाटतंय.

उत्तर (खानापूर): त्यांना पोरांसकट आमच्याकडच्या भीमगड किल्ल्यावर आणा. तिथलं जंगल २०११ पासून अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लागते. ती धावपळ तुम्ही करा, हाच मान.

उत्तर (शहापूर): शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री अजिबात नको, ढोल-ताशात कोण ऐकणार? पुण्याला नोकरीला गेलेली त्यांची जुनी पोरं बोलवा. सत्कार गडावरच करा, आणि दादांच्या आईलाही पुढं बसवा.