घरातलं कोणतं साफसफाईचं काम तुम्हाला नकोसं होतं?

आधी माझं सांगते. मला पाण्याची बॅरलं घासायला अजिबात आवडत नाही. सोलापुरात नळ चार-पाच दिवसांआड येतो, म्हणजे दारात दोन निळी बॅरलं आणि मागे हौद आलाच. पाण्याच्या आदल्या रात्री बॅरल आडवं करायचं, अर्धं अंग आत घालायचं. शेवाळाचा ओलसर वास, आपलाच श्वास कानात घुमतो, कंबर भरून येते. दोन वर्षं मी नुसतं हिसळून भागवलं. मग मुलीला डेंग्यू झाला. तपासणीला आलेल्या बाईंनी बॅटरी मारून पाण्याच्या रेषेच्या थोडं वर बारीक काळे ठिपके दाखवले. डासाची अंडी. ती कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. नंतर डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरे. हिसळून ती निघत नाहीत, काथ्यानं खरवडावीच लागतात. आता दर खेपेला घासते. काम आवडायला लागलं असं मात्र झालेलं नाही. घरात तसं म्हटलं की लगेच ‘आळशी’ ऐकावं लागतं, म्हणून इथं विचारतेय. मनापासून लिहा.

साखर पेठेतून

आमच्याकडे खाली माग, वर राहणं. टॉवेलचं काम. सुताची धूळ जिन्यानं वर येते आणि देवाच्या फोटोवर, पंख्याच्या पात्यांवर, झोपलेल्या पोराच्या पापण्यांवर बसते. फडा मारला की उडते आणि परत तिथंच येऊन बसते, म्हणून अम्मा ओल्या फडक्यानंच गोळा करायची. मी तीस वर्षं हे नुसतं बघितलं. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली, अम्माचा गुडघा धरला, तेव्हा पहिल्यांदा स्टुलावर चढलो. पात्यावरून बोळा फिरवला तर राखाडी नमदाच निघाला, हाताएवढा लांब. खाली उतरलो तोवर अम्मानं केस झाकून घेतले होते, तिला ठाऊक होतं काय पडणार ते. आता पंखे माझ्याकडे आहेत. काम नावडतं आहेच. पण आधी ते दोघींना किती नावडत असेल, हे मी कधी विचारलंच नाही, त्याचं जास्त वाईट वाटतं.

विडी घरकुलातून (आई सांगतेय, मी लिहितेय)

मी चार घरची धुणीभांडी करते. लोकांची फरशी पुसताना मला राग येत नाही, त्याचा पगार मिळतो. घरी आल्यावर मोरीतली भांडी बघितली की मात्र डोळ्यांत पाणी येतं. सासूबाई विड्या वळतात. रोजच्या हजार विड्यांची पानं रात्री भिजवायची, सकाळी कापायची. संध्याकाळपर्यंत कात्रणं आणि तंबाखूची भुकटी घरभर. झाडताना नाकात जाते, ठसका लागतो. लेकीला मी झाडू देत नाही, तोंडाला पदर बांधून मीच काढते. सासूबाई उठायच्या आधी आपल्यापुढची पानं तरी सुपात गोळा करून ठेवतात. तेवढंही लई झालं.

विजापूर रोडवरून

वर बॅरलचं लिहिलंय त्या ताईंना, मला बाथरूम. आमच्या खोलीवर बोअरचं पाणी, नळावर आणि बादलीवर पांढरा थर जमतो. तिघं मित्र राहतो, पाळी माझी होती. लवकर उरकावं म्हणून अ‍ॅसिड टाकलं, त्यावरच ब्लीच ओतलं, आणि दार लोटलेलं. क्षणात घसा आवळला, डोळ्यांची आग झाली. दोन्ही मिसळलं की क्लोरीन वायू निघतो, हे डॉक्टरांकडून कळलं. खोकला आठवडाभर गेला नाही. कृपा करून हे दोन कधीही एकत्र करू नका. पांढऱ्या थराला कोमट पाण्यात लिंबूसत्त्व पुरतं, अर्धा तास ठेवून घासायचं. फक्त शहाबादी फरशीवर ते नको. तो चुनखडीचाच दगड, आंबटानं खातो. आमच्या मालकांच्या पायरीवरचा पांढुरका डाग अजून तसाच आहे.

मुरारजी पेठेतून

उन्हाळ्यात गच्ची झाडणं. बाकी सगळं करीन.

होटगी रोडवरून

घट बसायच्या आधी वाकळा धुणं. घरात सात वाकळा, आणि नळाच्या पाण्यात ते होणं शक्य नाही, म्हणून टमटम करून मामांच्या शेतात विहिरीवर जायचं. कोरडी वाकळ एका हातानं उचलते, भिजली की दोघींना हलत नाही. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर, प्रत्येकात पाणी. एका टोकाला आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दुसऱ्याला मी, उलट्या दिशेनं पीळ देत जायचं. दुपारपर्यंत मनगटं सुजतात, रात्री भाकरी थापता येत नाही. दर वर्षी मी दोन दिवस आधीपासून गप्प गप्प असते, घरात कुणी विचारत नाही.

यंदा हे टमटममध्ये बसले. “आई, मी पिळतो,” म्हणाले. आत्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या वाकळेला त्यांनी आपलं टोक ह्यांच्या हातात दिलं आणि बांधावर जाऊन बसल्या.