शब्दचर्चा: ‘प्रतिकृती’ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं?

कोरा कागद
एका चित्रकार मैत्रिणीनं एत्येन-लुई बुले (१७२८–१७९९) या फ्रेंच वास्तुकाराच्या चार चित्रांवरून स्वतः चित्रं केली आहेत. छापील नाहीत, शाई पातळ करून थरावर थर देत हातानं रंगवलेली. खालच्या पाट्यांचा मराठी मजकूर माझ्या गळ्यात पडला. मी लिहून दिलं, ‘न्यूटनच्या सेनोटाफची हस्तचित्रित प्रतिकृती’. तिच्या आईनं वाचलं आणि विचारलं, “अगं, मग ते मॉडेल कुठं ठेवलंयस?”
प्रतिकृती चुकलं का? आणि सेनोटाफचं, म्हणजे बुलेनं न्यूटनसाठी कागदावर योजलेल्या रित्या थडग्याचं, मराठीत काय करू?

जुना नकलनवीस
आई बरोबर बोलल्या. मराठी कानाला प्रतिकृती म्हणजे आधी वस्तू. दिवाळीत पोरं मातीत करतात ती रायगडाची प्रतिकृती, चौकात ठेवतात ती तोफेची. तुमच्याकडे तर घोटाळा दुहेरी आहे, कारण ती इमारत कधी बांधलीच गेली नाही. नसलेल्याची प्रतिकृती कशी व्हायची?
आमच्या दप्तरात सरळ शब्द होता, नक्कल. मूळ कागद तो अस्सल, त्यावरून उतरवलेला ती नक्कल. दोन्ही ताडून पाहिले की ‘अस्सलबरहुकूम’. त्यात कमीपणा नव्हता, नकलेवर सही-शिक्का असे. आजही लोक सातबाऱ्याची नक्कल मागतातच. फरक क्रियापदात आहे बघा: नक्कल ‘केली’ तर चेष्टा, नक्कल ‘उतरवली’ तर काम.

दुसरा हात
काका, दप्तरात ठीक, पण भिंतीवरच्या पाटीत ‘नक्कल’ वाचून लोक डुप्लिकेटच समजतील. शब्दाला लागलेला वास आपण एकट्यानं धुऊ शकत नाही.
आणि चित्राच्या चित्राला प्रतिकृती म्हणायची आपल्याकडे चांगली वहिवाट आहे. अजिंठा घ्या. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षं तिथली भित्तिचित्रं कॅनव्हासवर तैलरंगात उतरवली. त्यांतली बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. मग जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा काम केलं, तर त्यातलंही बरंच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला जळालं. या सगळ्यांना आपण प्रतिकृतीच म्हणतो आणि कुणी मॉडेल शोधत नाही.
शब्द चुकलेला नाही, ताई, षष्ठी चुकली आहे. ‘सेनोटाफची’ नव्हे, ‘बुले यांच्या चित्राची’.
जाता जाता: पाटीवर ‘जलरंग’ लिहू नका, ‘शाईचा वॉश’ लिहा, म्हणजे पातळ शाईचे थर. अशा एकेका थराला वर्गात आम्ही ‘हात’ म्हणतो. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, नाहीतर डाग धरतो.

कोरा कागद
षष्ठीचं पटलं. खरं तर हे माझ्याच लक्षात यायला हवं होतं.
हातांवरून आठवलं. १७८४ च्या त्या चित्रात सुमारे १५० मीटर व्यासाचा गोल आहे. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडची मूळ उंचीसुद्धा १४६ च्या आसपास. पायथ्याशी सुरूच्या झाडांसारखी दिसणारी सायप्रसची वर्तुळं आणि माणसं अक्षरशः मुंगीएवढी. मैत्रीण सांगत होती की गोलाला गोलाई आणायला तिला अकरा हात द्यावे लागले. सातव्या हाताला कागद फुगला आणि सगळं पहिल्यापासून. मुंगीएवढी माणसं मात्र तिनं एका बैठकीत काढली.
दुसऱ्या चित्रात गोल मधोमध कापून दाखवलाय. बाहेर दिवस, आत रात्र. घुमटाला भोकं पाडून त्यांतून येणारा उजेड म्हणजे तारे. तिनं ते तारे रंगवलेच नाहीत. तेवढा कागद कोरा ठेवत काळोख रंगवला. तिसऱ्यात उलट: बाहेर रात्र, आत टांगलेल्या खगोलयंत्रातून उजेड.
या कापून दाखवण्याला काय म्हणायचं? ‘छेद’ लिहिलं की मला अपूर्णांक आठवतो.

आराखडा
‘उभा छेद’ लिहा. शाळेत खोडाचा आडवा छेद सगळ्यांनीच काढलाय, लगेच कळतं. आम्ही वास्तुविशारद साइटवर सेक्शन आणि एलेव्हेशनच म्हणतो, पण एलेव्हेशनला ‘दर्शनी बाजू’ चालेल.
सेनोटाफबद्दल. मूळ ग्रीक अर्थ रितं थडगं. न्यूटन १७२७ मध्ये गेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला, म्हणजे बुलेच्या गोलात तळाशी पेटी आहे, पण आत कोणी नाही. इथं ‘छत्री’ आणि ‘समाधी’ दोन्ही फसतात. वानवडीची शिंदे छत्री महादजींच्या दहनाच्या जागी आहे, ती जागा रिती म्हणता येत नाही. समाधीत तर माणूस असतोच, संतांच्या बाबतीत तर जिवंत बसलेला! ‘स्मारक’ लिहून मोकळ्या व्हा. अर्थ थोडा सांडतो, सांडू द्या.
एक मात्र विनंती. बुलेसारख्या लोकांना इंग्रजीवरून ‘द्रष्टे वास्तुकार’ म्हणायची पद्धत पडली आहे, ती पाटीवर नको. द्रष्टा म्हटलं की पुढचं दिसणारा. बुलेला पुढचं दिसत होतं असं नाही, तो न बांधण्याजोगंच काढत होता. ‘कागदावरचे इमले’ म्हणा हवं तर.

जुना नकलनवीस
इमले हवेतले असतात, साहेब, आणि त्यात थट्टा आहे. माझ्या नकलेतल्या थट्टेला इथं हरकत घेतली गेली, मग ही कशी चालते?

आराखडा
मान्य! ‘कल्पनाचित्रं’ म्हणू. तसंही बुलेला चित्रकारच व्हायचं होतं, वडिलांनी वास्तुकलेत घातलं. आपल्या निबंधाच्या सुरुवातीला त्यानं कोरेज्यो या इटालियन चित्रकाराच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य घातलंय, ‘मीही चित्रकार आहे’. तो निबंध छापून आला १९५३ मध्ये.

कोरा कागद
पाटी अशी केली:

‘न्यूटन स्मारक, उभा छेद (बाहेर दिवस, आत रात्र). एत्येन-लुई बुले यांच्या १७८४ च्या चित्रावरून. कागदावर शाईचा वॉश.’

प्रतिकृतीही गेली आणि नक्कलही, ‘वरून’ एवढ्यात भागलं. आईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “आता कळलं. पण हातानं केलंय हे कुठं लिहिलंयस?”