‘अनटायडी’ला गबाळा चालेल का?

वाळूजकर : कारखान्याच्या तपासणी-तक्त्याचं मराठी करायचं आहे. भिंतीवर लागणार, कामगार वाचणार. इंग्रजीत सहा दोष आहेत : क्लटर्ड, अनटायडी, डर्टी, स्लॉपी, केअरलेस, नेग्लिजंट. आधीच्या मसुद्यात पहिल्या दोघांना ‘अव्यवस्थित’, शेवटच्या तिघांना ‘निष्काळजी’ लिहून काम उरकलं होतं. प्रत्येक दोषाला गुण वेगळे कापतात, म्हणून तक्ता परत आला. ‘अनटायडी’ला गबाळा चालेल का?

जालनेकर : गबाळा माणूस असतो, टेबल नव्हे. पहिल्या तिघांचे शब्द उपायावरून ठरवा. तक्ता जपानी पाच-एसवर, म्हणजे कामाची जागा नीट ठेवायच्या पद्धतीवर, बेतलेला दिसतोय. सेइरी म्हणजे नको ते काढून टाकणं, सेइतोन म्हणजे लागतं ते जागच्या जागी लावणं, सेइसो म्हणजे झाडपूस. लेथशेजारी (लेथ म्हणजे धातू कातायचं यंत्र) वर्षानुवर्षं न लागलेली जिग, म्हणजे काम पकडून ठेवायचा साचा, पडून आहे, ही अडगळ. रोज लागणारा पाना टेबलावर लोळतोय, हा पसारा. लेथखाली कीस आणि तेल साचलंय, ती घाण. पाना पुसून चकचकीत केला तरी तो लोळतोय तोवर पसारा आहेच. पिवळ्या पट्टीबाहेर आलेली पेटीसुद्धा पसाऱ्यातच धरा. नुसतं ‘अव्यवस्थित’ वाचून कामगारानं उचलून टाकायचं, लावून ठेवायचं की पुसायचं?

लातूरकर : जालनेकर बरोबर. स्लॉपीला मात्र एक मराठी शब्द शोधत बसू नका, पुढचं नाम बघा. क्षेत्ररक्षण गचाळ, नियोजन ढिसाळ, कारभार भोंगळ नाहीतर गलथान, डागडुजी थातूरमातूर. ‘गलथान क्षेत्ररक्षण’ म्हणून बघा, कान अडखळतो. इंग्रजीत सगळीकडे स्लॉपीच खपून जातं. वेल्डची रेघ वरखाली आहे, स्लॅग, म्हणजे वर जमलेली खपली, ठोकून काढलेला नाही, उडालेले थेंब आजूबाजूला तसेच चिकटलेत, तर ते काम गचाळ. घाईघाईत कसंबसं जोडून दिलं असेल तर थातूरमातूर, पण त्याला इंग्रजीत स्लॅपडॅश म्हणतील. आणि तक्त्यात कुठं ‘स्लॉपी फिट’ असेल तर सांभाळा. तिथं भाग सैल बसलाय, प्ले आहे, एवढाच अर्थ. ‘गचाळ’ लिहिलंत तर फिटर बुश बदलायचं सोडून ते पुसत बसेल.

नांदेडकर : नेग्लिजंट हा कायद्यातला शब्द आहे, त्याला केअरलेसशेजारी बसवू नका. अपघाताच्या फिर्यादीत ‘हयगयीने व निष्काळजीपणे’ अशी जोडी वर्षानुवर्षं चालत आली आहे. भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ३०४-अ, रॅश किंवा नेग्लिजंट कृत्यानं मृत्यू घडवण्याचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०६, आणि कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. रॅश म्हणजे धोका दिसत असून पुढं जाणं, म्हणजे बेदरकार. नेग्लिजंट म्हणजे घ्यायला हवी होती ती खबरदारी न घेणं, म्हणजे हयगय. कामगार गॉगल घालायचा विसरला, तो केअरलेस. मशीनचा गार्ड तपासणं ज्याच्याकडं नेमून दिलंय त्यानं तो तपासलाच नाही, तो नेग्लिजंट. तक्त्यात ‘कर्तव्यात कसूर’ लिहा.

परभणीकर : कसूर, बेदरकार… अनुवाद मराठीत करायलात की फारसीत? ‘निष्काळजी’सारखा शुद्ध शब्द असताना?

बीडकर : सर, ‘निस्’ संस्कृत आणि ‘काळजी’ मराठी. संस्कृत पंडित त्याला पंगतीत बसवणार नाही. तुमचा शुद्ध शब्दच सरमिसळ निघाला की वो!

परभणीकर : सरमिसळ असली तरी घरची आहे.

बीडकर : कसूरही घरचाच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, निजामाच्या राज्यात, इथलं मराठवाड्याचं दप्तर उर्दूत होतं. खेड्यातली म्हातारीसुद्धा ‘माझा काय कसूर?’ म्हणते. कारखान्यात ‘लापर्वाई’ ऐकू येते; त्यात ‘ला’ अरबी, ‘पर्वा’ फारसी, म्हणजे तीही सरमिसळच.

वाळूजकर : केअरलेसला मग ‘बेफिकीर’ करू का?

नांदेडकर : नको. बेफिकीर हा स्वभाव झाला. तक्त्यात एका चुकीचे गुण कापायचेत, माणसाचे नाहीत.

धाराशिवकर : गबाळ्याला उगीच हाकललंत. ‘चंबूगबाळं आवरणं’ यातलं गबाळ म्हणजे गाठोडं. गाठोडं बांधल्यासारखे कपडे घालतो तो गबाळा, असं माझं मत. अजागळ त्याहून भारी. संस्कृतात अजागल म्हणजे शेळीचा गळा. त्याखाली लोंबणाऱ्या बोंडांतून दूध निघत नाही, म्हणून ‘अजागलस्तन’ हा निरुपयोगी गोष्टीचा दाखला. इंग्रजीतही गंमत आहे : अनकेम्प्टमधलं केम्प्ट म्हणजे विंचरलेलं, आणि स्लिपशॉड म्हणजे मूळात सपाता घालून फरफटत चालणारा.

लातूरकर : मेस राहिली. जेवणाची मेस आणि पसाऱ्याची मेस एकच शब्द. लॅटिनमध्ये पानात वाढलेला पदार्थ, पुढं इंग्रजीत कालवलेलं खाणं, मग कालवाकालव. आमच्याकडं ट्यूशनची पोरं मेसला जेवतात आणि खोलीवर येऊन मेस करतात.

वाळूजकर : अडगळ, पसारा, घाण, गचाळ, कसूर घेतले. केअरलेस अजून मोकळाच आहे. ‘निष्काळजी’ ठेवू की…

परभणीकर : आधी त्या मेसला खानावळ म्हणा.