मदत हवी आहे: गर्दीच्या वेळी पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणी मिळत नाही
नमस्कार. आमचे स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमधील रुग्णनोंदणीचे अ‍ॅप्लिकेशन चाचणीच्या सर्व्हरवर सुरळीत चालते. प्रॉडक्शनमध्ये मात्र सकाळी गर्दी वाढताच डेटाबेसशी जोडणी मिळेनाशी होते आणि लॉगमध्ये ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ (आधीच खूप जोडण्या झाल्या आहेत) ही ओळ सतत उमटू लागते. दुपारी सर्व काही आपोआप पूर्ववत होते, त्यामुळे पासवर्ड, फायरवॉल किंवा ५४३२ या पोर्टचा दोष नसावा, असे माझे मत आहे.

अ‍ॅप्लिकेशनच्या १२ प्रती चालतात, प्रत्येकीचा हिकारी पूल (डेटाबेसच्या तयार जोडण्यांचा साठा) मूळच्या १० जोडण्यांचाच आहे आणि पोस्टग्रेसची एकूण जोडण्यांची मर्यादा १०० आहे, म्हणजे मागणी १२० पर्यंत जाऊ शकते. पूल ७ वर आणणे पुरेसे ठरेल, की मध्ये पीजीबाउन्सर (थोड्या जोडण्या अनेकांत वाटून देणारा मध्यस्थ प्रोग्राम) बसवावा? खिडकीपाशी रुग्ण ताटकळत उभे राहतात, म्हणून अनुभवी मंडळींनी कृपया लवकर मार्गदर्शन करावे.